वेलांटी आधी की अक्षर आधी?

आठवीत आम्हाला संगणक हा विषय होता आणि त्या विषयाची एक दोनशे पानी वही होती. त्या वहीत मी मॉनिटर, सीपीयू, की-बोर्ड आणि माऊस इतक्या वेळा काढलेत की आजही डोळे मिटून काढता येतील. पट्टीने चौकोन, आत अजून एक चौकोन, खाली नाव. चार्ल्स बॅबेज १७९१ साली जन्मला हे मला आजोबांच्या जन्मसालाच्या आधी पाठ झालं. संगणकाच्या पिढ्या पाठ, आदान आणि प्रदान उपकरणं पाठ. प्रत्यक्ष यंत्राला हात लागायचा तो मात्र वीज असली तर. आमचा तास बुधवारी दुपारी, आणि बुधवार दुपारचं भारनियमन हे शाळेच्या वेळापत्रकातच असल्यासारखं ठरलेलं. मग सर म्हणायचे, "चला, आकृती काढा."

साल २००३-०४, गाव बार्शी. लॅब म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. चपला बाहेर काढायच्या, कारण धुळीने संगणक बिघडतो. बार्शीत उन्हाळ्यात धूळ कुठे नसते ते एकदा कुणीतरी सांगावं. प्रत्येक मॉनिटरला शिवणाच्या बाईंनी शिवलेलं गुलाबी कापडी कव्हर, आणि तास संपायच्या आधी ते नीट घडी न पाडता घालायचं काम मुलींकडे. एका संगणकापुढे पाच जण. माऊस ज्याच्या हातात तो राजा, की-बोर्ड ज्याच्यापुढे तो प्रधान, उरलेले तिघे प्रजा. मी बहुतेक प्रजेत.

त्यातही मजा होती, नाही असं नाही. लोगो नावाचं एक प्रकरण होतं, त्यात पडद्यावरच्या कासवाला हुकूम सोडायचे: शंभर पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असं चार वेळा, की झाला चौकोन. दसऱ्याच्या आधी पाटीपूजनासाठी पेंटमध्ये सरस्वती काढायची टूम निघाली. पाटीवरची सरस्वती '१' च्या आकड्यांनी काढतात हे तुम्हाला माहीत असेलच. पण की-बोर्डवर '१' नव्हता, इंग्रजी एक होता. इंग्रजी एकाची सरस्वती कशी दिसणार? सरळसोट काठ्यांची. शेवटी माऊसने एकेक '१' हाताने ओढला, आणि प्रत्येकाची शेपटी वेगळ्या दिशेला गेली.

संगणकाला मराठी येत नाही, असं आम्हाला कुणी तोंडाने शिकवलं नाही. पण सगळं शिकवणं तेच सांगत होतं. हुकूम इंग्रजीत, फाईलचं नाव इंग्रजीत, बटणं इंग्रजीत. आमची तर मराठी माध्यमाची शाळा, ज्यांना स्पेलिंग जमायचं नाही ती मुलं लॅबमध्ये आपोआप मागच्या खुर्चीवर जाऊन बसायची. विषय संगणकाचा, आणि परीक्षा इंग्रजीची.

मला हे खोटं आहे हे माहीत होतं, कारण माझ्या मामाचा छापखाना होता.

छापखाना भगवंताच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मागच्या खोलीत ट्रेडल मशीन, भिंतीला लाकडी केस आणि त्यांच्या खणाखणांत शिशाचे खिळे, म्हणजे सुट्या अक्षरांचे ठसे. पुढच्या खोलीत काच लावून वेगळी केलेली जागा आणि तिथे मामाने कर्ज काढून घेतलेला संगणक. त्यात मराठी सॉफ्टवेअर होतं. त्या काळी डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सीडॅकचं आयएसएम अशी काहीबाही नावं ऐकू यायची. आमच्या सॉफ्टवेअरला एक 'लॉक' होतं. संगणकाच्या मागे, प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे बसवायचं काडेपेटीएवढं डबडं. ते नसलं की सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. मामा रात्री ते काढून गल्ल्यात ठेवायचा. खंडेनवमीला ट्रेडल, कटिंग मशीन, संगणक यांच्या बरोबरीने त्या लॉकलाही हळदकुंकू आणि झेंडूचं एक फूल.

संगणकावर बसायचे आण्णा. हे आमच्या नात्यातले नव्हेत, मामाच्या वडिलांच्या वेळेपासूनचे कंपोझिटर. चाळीसेक वर्षं उभं राहून खिळे जुळवले आणि पन्नाशी उलटल्यावर खुर्चीवर बसून की-बोर्ड शिकले. लग्नसराईत त्यांच्यापुढे कच्च्या कागदांची थप्पी असायची. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत सगळा मजकूर त्यांना तोंडपाठ, फक्त नावं घालायची. आणि नावांतच सगळी भांडणं. चुलत्याचं नाव एका ओळीने खाली गेलं म्हणून पत्रिका परत आल्याचं मी पाहिलंय.

आण्णांच्या की-बोर्डवर टाइपरायटरची मांडणी होती, आणि भिंतीवर एक तक्ता चिकटवलेला: ज्या जोडाक्षरांना बटण नाही त्यांच्यासाठी ऑल्ट दाबून कुठला आकडा मारायचा त्याची यादी. मी शाळेतून आले की त्यांच्याशेजारी स्टुलावर बसायची. ते 'कि' लिहिताना आधी वेलांटीचं बटण दाबायचे, मग 'क'. मी म्हटलं, "आण्णा, आपण क म्हणतो आणि मग इ म्हणतो. तुम्ही उलटं का करता?"

"उलटं कुठंय? वेलांटी डावीकडं असती का उजवीकडं?"

"डावीकडे."

"मग आधी कोण येणार?"

खिळे जुळवणाऱ्या माणसाचा हिशेब होता तो. वेलांटीचा तुकडा डावीकडे बसतो, म्हणून तो आधी. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणून अक्षर आधी आणि रफार नंतर. डोळ्याला जसं दिसतं तसं हाताने मांडायचं. त्यांच्या सॉफ्टवेअरचंही म्हणणं तेच होतं.

आता मुख्य गोष्ट. नववीत स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका करायची होती. संगणक शिकवायला आमचे गणिताचेच सर होते. ते स्वतः संध्याकाळी एमएस-सीआयटीच्या क्लासला जायचे आणि तिथे शिकलेलं पुढच्या आठवड्यात आम्हाला शिकवायचे. (राज्यात २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं आणि नोकरीत ते लागतं म्हटल्यावर गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, सगळे दप्तर घेऊन क्लासला जायला लागले. दहावीच्या सुट्टीत मीही तोच क्लास केला, तेव्हा माझ्या शेजारच्या संगणकावर निवृत्तीला टेकलेले एक गुरुजी होते. त्यांना डबल क्लिक जमायचं नाही, दोन क्लिकच्या मध्ये ते विचार करायचे.) तर सर मला म्हणाले, तुझ्या मामाकडून मजकूर फ्लॉपीवर आण, आपण शाळेच्या प्रिंटरवर काढू, तेवढाच छपाईचा खर्च वाचेल. मामाचं गिऱ्हाईक मीच तोडत होते, पण तो हसला आणि त्याने फ्लॉपी दिली.

शाळेत फाईल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता पाचोळा. एक शब्द लागेना. मधेच कॅपिटल, मधेच उद्गारचिन्ह. वर्ग हसला. सरांनी फ्लॉपी बाहेर काढली आणि म्हणाले, "व्हायरस आहे." त्या काळी न समजणाऱ्या प्रत्येक गोष्टीला व्हायरस म्हणत.

मी संध्याकाळी आण्णांना सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी एका कागदावर मला मांडणी लिहून दिली. टाइपरायटर पद्धतीच्या त्या फॉन्टमध्ये 'जे' या इंग्रजी अक्षराच्या जागी 'र' चं चित्र असतं, 'के' च्या जागी काना आणि 'ई' च्या जागी 'म'. म्हणजे जे, के, ई ही तीन बटणं दाबली की 'राम'. ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच दाबलं की 'मराठी'. यंत्राच्या लेखी तिथे राम नाही आणि मराठीही नाही. तिथे जे, के, ई एवढंच आहे. फॉन्ट म्हणजे वरून चढवलेला मुखवटा. शाळेच्या संगणकावर मुखवटा नव्हता, म्हणून आतला चेहरा दिसला.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन मधल्या सुट्टीत लॅबमध्ये गेले आणि पहिली ओळ एकेक अक्षर लावत वहीत उतरवली. 'स्वागतगीत' निघालं. नंतर दुसऱ्या फ्लॉपीवरून फॉन्टची फाईल कंट्रोल पॅनलमध्ये टाकली आणि तोच पाचोळा एका क्लिकमध्ये मराठी झाला. सर बराच वेळ पडद्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्याबद्दल मी त्यांना आजही मानते. ते म्हणाले, "म्हणजे आत इंग्रजीच आहे?"

हो सर. आत इंग्रजीच होतं. खरं तर आत आकडेच होते, पण ते आम्हा दोघांना कळायला अजून काही वर्षं लागली. एवढं मात्र त्या दिवशी कळलं की पडद्यावर दिसतं ते आणि यंत्रात असतं ते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोनशे पानी वहीत हे कुठेच नव्हतं. मला विचाराल तर डिजिटल साक्षरता की काय म्हणतात तिचा माझा पहिला धडा हाच, आणि तो अर्धा छापखान्यात झाला, अर्धा शाळेत.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा देणारी पद्धत, तेव्हा अस्तित्वात नव्हतं असं मुळीच नाही. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. 'क' ला जगभर एकच आकडा दिलेला होता, २३२५, आणि तो 'क' चाच, इंग्रजीतल्या कुणाकडून उसना घेतलेला नव्हे. पण बार्शीत तो पोचायला वेळ लागला. नेटकॅफेत विंडोज एक्सपी होतं, त्यात मराठी दडलेली होती, पण ती चालू करायला सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागायची आणि मग संगणक एक्सपीची सीडी मागायचा. कॅफेवाल्याकडे सीडी कुठली असणार? खूण न करता मराठी उघडली तर जोडाक्षरं फुटलेली आणि वेलांटी अक्षराच्या उजवीकडे. वर्तमानपत्रांच्या वेबसाइट वाचायच्या तर प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, आधी तो उतरवून घ्या.

इंजिनीअरिंगला होस्टेलवर आल्यावर मी पहिल्यांदा सुखाने मराठी टाइप केलं, तेही मराठी विकिपीडियामुळे. तो १ मे २००३ ला, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनी सुरू झालेला, हे मला फार नंतर कळलं. तिथे मी गावाबद्दल चार ओळी घातल्या आणि कुणीतरी लगेच संदर्भ मागितला. भगवंताचं देऊळ आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे याला संदर्भ काय द्यायचा? रागच आला. पण 'मी सांगते म्हणून' हा संदर्भ होत नाही, हेही शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तकात आहे म्हणजे खरं, एवढंच शिकवलं होतं.

तिथेच मी इनस्क्रिप्ट शिकले. की-बोर्डची ही मांडणी १९८६ सालची, सरकारी, आणि सरकारी असूनही अप्रतिम. स्वरांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. 'क' आणि 'ख' एकाच बटणावर, शिफ्ट दाबला की ख. 'ग' वर 'घ', 'ज' वर 'झ'. ज्याला बाराखडी येते त्याला अर्धी मांडणी आधीच येत असते. माझी रूममेट सोलापूरची, घरी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबातली. मी मराठी टाइप करताना ती माझ्या बोटांकडे बघत होती. आम्ही भाषा बदलून तेलुगू केली, तिने तीच बटणं दाबली आणि पडद्यावर तिच्या आईचं नाव तेलुगूत उमटलं. 'क' चं बटण तेच, 'म' चं बटण तेच. तिला तेलुगू लिपी धड वाचताही येत नव्हती, बोलता येत होती. त्या रात्री आम्ही मेसला उशिरा पोचलो.

आणि इनस्क्रिप्टमध्ये वेलांटी नंतर दाबायची. 'क', मग इकार. रफार असेल तर आधी 'र', मग पायमोड, मग पुढचं अक्षर. तोंडाने म्हणतो त्या क्रमाने. आठवीत स्टुलावर बसून मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर मला असं परस्पर मिळालं.

सध्या मी पुण्यात एका कंपनीत ॲप तपासायचं काम करते. भारतीय भाषांत ते नीट दिसतं का, हे बघणं माझ्याकडे. माझा ठरलेला शब्द 'कऱ्हाड'. तो नीट उमटला की पुढे जायचं. नंतर 'दर्या' आणि 'दऱ्या', एक समुद्र आणि एक डोंगरातल्या. तिसरं, 'श' आणि 'ल' बघायचे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला ठरवून दिली, त्यात आपल्या वळणाचे 'श' आणि 'ल' आहेत, पण कित्येक फॉन्ट अजून हिंदी वळणाचेच दाखवतात. 'ॲ' ला तर स्वतःचा आकडा मिळायला २००८ साल उजाडलं. सहकारी म्हणतात, एवढं कोण बघतं? गिऱ्हाईक बघत नाही हे खरं. पण पहिलीतलं पोर बघतं. त्याला शाळेत एक 'श' शिकवतात आणि फोनवर दुसराच दिसतो.

माझी भाची सातवीत आहे, बार्शीतच. तिचं शिक्षण माझ्यापेक्षा फारच पुढचं. दुसरीत असताना शाळा बंद होती, तेव्हा तिने सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा अभ्यासाचा कार्यक्रम बघितला. तिच्या बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, आणि हा प्रयोग करणारे रणजितसिंह डिसले आमच्या शेजारच्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवायचे, २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा बार्शीकरांनी जणू आपल्याच आळीत बक्षीस आल्यासारखं व्हॉट्सॲप भरून टाकलं होतं. भाची फोनशी मराठीत बोलते आणि फोन लिहून घेतो. मैत्रिणींना मात्र ती 'मी येते' इंग्रजी अक्षरांत लिहिते. मी विचारलं, का? म्हणाली, "मावशी, मराठी टाइप करायला वेळ लागतो." बोलून लिहायला वेळ लागत नाही ना? "ते सगळ्यांसमोर कसं बोलणार?"

तिचंही खरं आहे. पण माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. आमच्या वेळी यंत्रात मराठी नव्हती, म्हणून आम्ही इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा चढवला. आता यंत्रात मराठी आहे, फुकट आहे, प्रत्येक फोनमध्ये आहे, आणि पोरं मराठीवर इंग्रजी अक्षरांचा मुखवटा चढवतात. शाळेत कोडिंग शिकवतात, पण आपल्या भाषेचा की-बोर्ड शिकवायला कुणाला आठवडाभराचे तास सापडत नाहीत. सरकारी नोकरीसाठी टायपिंगची परीक्षा द्यायची वेळ आली की मग माणूस पंचविशीत क्लास लावतो. पाचवीतच का नाही? मुलं एकीकडे जोडाक्षरं गिरवत असतात, तेव्हाच बटणांवर ती जोडून बघितली तर 'ज्ञ' म्हणजे ज, पायमोड आणि ञ हे कुणी वेगळं समजावायची गरजच पडणार नाही.

म्हणून या मे महिन्यात मी भाचीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मामाच्या दुकानात लॅपटॉपवर बसवलं. ट्रेडल भंगारात गेलं, आता फ्लेक्स आणि व्हिजिटिंग कार्ड. आण्णा काम करत नाहीत, पण संध्याकाळी पायरीवर येऊन बसतात. पोरींनी तासाभरात आपापली नावं लिहिली. मग एकीने सवयीने वेलांटी आधी दाबली, आणि पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचं रिकामं वर्तुळ आलं, त्याच्या डावीकडे वेलांटी.

"हे काय?" आण्णांनी चष्मा सावरला.

"अक्षराची वाट बघतंय," भाची म्हणाली. "आधी अक्षर द्यावं लागतं."

"वेलांटी डावीकडंच बसली न्हवं शेवटी?"

"हो, पण ते यंत्र बसवतं. आपण बोलतो तसं लिहायचं."

आण्णांना हे पटलेलं नाही. रफारावरून तर त्यांनी अर्धा तास वाद घातला, आणि भाचीने 'सूर्य', 'पर्व', 'बार्शी' लिहून दाखवल्यावर म्हणाले की ठीक आहे, पण छापून दाखवा. मामाने प्रिंट काढली. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि 'बार्शी' वर बोट ठेवलं.

"ह्यो श आपला न्हाय."

नव्हताच. भाची फॉन्टची यादी उघडून आपला 'श' शोधायला लागली.